ताईच्या कॅन्सरला वाइन कारणीभूत आहे का, आणि हे तिला सांगू का?

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक ३४ वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, नवरा, एक मुलगी, स्वतःची नोकरी. तिची सख्खी मोठी बहीण ३९ वर्षांची, पुण्यात आयटीत. या वर्षी तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनच्या जोरावर वाढणारा. ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. आईच्या मावशीलाही हाच आजार होता. बहीण गेली कित्येक वर्षं शनिवार-रविवार मैत्रिणींबरोबर वाइन घ्यायची, पुण्याला गेली की ही पण तिच्याबरोबर बसायची, आणि इकडे घरी नवऱ्यासोबत "कधीतरी" घेतेच. माहेरी-सासरी कुणाला पत्ता नाही. आई रोज फोनवर रडते, "माझ्या पोरीनं कुणाचं काय वाईट केलं होतं?" आणि हिला वाटतं की उत्तर आपल्याला माहीत आहे आणि आपण ते लपवतोय, कारण मोबाईलवर वाचता वाचता तिला कळलं की दारूचा ब्रेस्ट कॅन्सरशी संबंध थेट पेशीपर्यंत जातो. तिचे प्रश्न: ताईला वाइनमुळेच झालं का? हे तिला सांगू का? डॉक्टरांना सांगू का? नवरा म्हणतो, "आपल्याकडच्या बायका कुठं पितात, तरी होतोयच की, आणि वाइन तर हार्टला चांगली." त्याचं खरं धरू का? आणि मी पूर्ण बंद करू का, केली तर ग्रुपमध्ये कसं सांगू?

हे बघ बाळ, प्रश्न तू चार-पाच विचारलेस पण त्या सगळ्यांच्या खाली एकच भीती आहे, की ताईनं हे स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं आणि मी शेजारी बसून ग्लास भरत होते. म्हणून आधी तेवढंच घेते, बाकीचं मागून.

ताईला वाइनमुळे झालं का, तर हे कुणीही सांगू शकत नाही. तिचे डॉक्टर नाही, बायोप्सीचा रिपोर्ट नाही, मी तर नाहीच. दारूनं धोका वाढतो हे पक्कं आहे, त्यात आता शास्त्रज्ञांत वाद उरलेला नाही, पण धोका वाढतो ही गोष्ट हजारो बायकांकडं एकत्र बघून कळते, आणि एका बाईच्या गाठीकडं बघून ही वाइनची की ही जीनची की ही वयाची असं वेगळं काढता येत नाही. त्या गाठीवर तसा शिक्का नसतो. वय, घराण्यातले जीन्स, पाळी लवकर सुरू होणं, पाळी उशिरा जाणं, मूल न होणं किंवा उशिरा होणं, अंगावर न पाजणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, हार्मोनच्या गोळ्या, कमी हालचाल, हे सगळं मिळून त्या पेशीवर वर्षानुवर्षं काम करत असतं, आणि गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी तिची सुरुवात झालेली असते. तुमच्या घरात तर आईची मावशी आहे, आणि ताईचं वयही लहान आहे, त्यामुळं जीन्सचा विचार आधी करावा लागतो.

तुझ्या नवऱ्याच्या अर्ध्या वाक्यात तथ्य आहे म्हण. आपल्या देशात दारू पिणाऱ्या बायका थोड्याच, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरच्या बायकांत तो आकडा १.३ टक्के होता, आणि तरीही २०२२ साली भारतात जवळजवळ १ लाख ९२ हजार बायकांना नव्यानं ब्रेस्ट कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे. म्हणजे उघड आहे की यातल्या बहुतेकींनी कधी थेंबही घेतला नव्हता. आणखी जुनी गोष्ट सांगते, इटलीतल्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरनं १७१३ च्या सुमाराला लिहून ठेवलंय की ख्रिस्ती मठातल्या नन्समध्ये हा आजार इतर बायकांपेक्षा जास्त दिसतो. त्याचं कारण आता आपण मूल नसण्याशी आणि हार्मोन्सशी जोडतो. तेव्हा "वाईट वागली म्हणून झालं" हा हिशोब तीनशे वर्षांपूर्वीच चुकीचा ठरलेला आहे, आईला तो मनातून काढायला तूच मदत करू शकतेस.

पण नवरा त्यातून जो निष्कर्ष काढतो तो साफ चूक. न पिणाऱ्यांना होतो म्हणून पिण्यानं होत नाही असं नसतं गं, हेल्मेट घातलेलेही अपघातात जातात म्हणून आपण हेल्मेट निरुपयोगी म्हणत नाही.

आता पेशीत काय होतं ते. मी आयुष्यभर बायोकेमिस्ट्री शिकवलीय त्यामुळं हे जरा सविस्तर सांगणार, वाच पूर्ण, कारण हे एकदा नीट कळलं की वाइन चांगली का बिअर चांगली का व्हिस्की, हा घरातला वाद आपोआप बंद पडतो.

तिन्हींमधली दारू एकच, इथेनॉल. हा रेणू इतका लहान की पोटातून रक्तात आणि रक्तातून अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत सहज शिरतो, त्याला कुठं दार लागत नाही. स्तनात तो पोचतो याचा पुरावा हवा असेल तर अंगावर पाजणाऱ्या आईचं बघ, तिनं दारू घेतली तर दुधातलं दारूचं प्रमाण जवळजवळ तिच्या रक्तातल्या प्रमाणाइतकंच असतं. आणि कॅन्सर सुरू होतो तो बहुतेक वेळा दूध तयार करणाऱ्या पिशव्या आणि दूध वाहून आणणाऱ्या नळ्या यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये. दारू नेमकी तिथंच जाते.

शरीर इथेनॉल तसंच ठेवत नाही, ते मोडतं. मोडताना आधी त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचं ॲसिटेट, जे निरुपद्रवी आहे. घोळ सगळा मधल्या पायरीवर. आपण समजतो की हे काम लिव्हरचं, आणि मुख्यतः आहेच, पण स्तनाच्या पेशींमध्येही दारूचं ॲसिटाल्डिहाइड करणारी एन्झाइम्स असतात, अल्कोहोल डीहायड्रोजिनेज आहे, सीवायपी-२ई-१ आहे, आणि झॅन्थिन ऑक्सिडोरिडक्टेज आहे जे दुधातही सापडतं. म्हणजे विष तिथल्या तिथं तयार होतं. ते तयार करायची सोय आहे पण निस्तरायची ताकद लिव्हरसारखी नाही, त्यामुळं ते काही वेळ तिथंच रेंगाळतं. हे ॲसिटाल्डिहाइड म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हे, कॅन्सरवर काम करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८८ मध्ये दारूला माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, २००७ मध्ये त्या यादीत स्तनाचा कॅन्सर जोडला, आणि २००९ मध्ये दारूतून शरीरात तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडलाही त्याच गटात नेऊन बसवलं. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस आहेत तोच हा गट. याचा अर्थ एक ग्लास वाइन आणि सिगारेटचं पाकीट सारखंच घातक असा नाही, गट सांगतो की पुरावा किती पक्का आहे, धोका किती मोठा ते तो सांगत नाही. हा फरक लक्षात ठेव, मोबाईलवर फिरणारे मेसेज इथंच गोंधळ घालतात.

ॲसिटाल्डिहाइड करतं काय, तर डीएनएला चिकटतं. मुलीची दोन पेडी वेणी घालतेस ना, त्या दोन पेडांच्या मधेच कुणी च्युइंगगम चिकटवलं तर वेणी सोडवताना काय होईल? ओढलं की केस तुटणार, आणि कापून काढायचं तर तिथलं काहीतरी जाणार. डीएनएचे दोन पेड पेशीची दुसरी प्रत काढायच्या वेळी सुटावे लागतात, आणि ॲसिटाल्डिहाइडनं ते एकमेकांना डकवून ठेवले असले की तुटतात, किंवा दुरुस्ती करताना अक्षर चुकीचं बसतं. पेशीकडं दुरुस्तीची यंत्रणा आहे, चांगली आहे, आणि त्या यंत्रणेतले दोन मोठे कारागीर म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. नाव ऐकलं असशील, ब्रेस्ट कॅन्सरच्या जीन टेस्टमध्ये बघतात ते हेच. ज्या बाईच्या जन्मापासून यातल्या एकाची एक प्रत बिघडलेली असते तिच्याकडं दुरुस्तीची राखीव ताकद कमी. केंब्रिजमध्ये के. जे. पटेल यांच्या टीमनं २०१८ साली उंदरांवर दाखवलं की दारूमुळं रक्ताच्या मूळ पेशींमधला डीएनए खरोखर तुटतो, क्रोमोसोम इकडचे तिकडे जोडले जातात, आणि ॲसिटाल्डिहाइड साफ करणारं एन्झाइम नसलेल्या उंदरांत हे नुकसान कितीतरी जास्त होतं. ते काम रक्ताच्या पेशींवरचं आहे, स्तनाच्या नाही, पण डीएनए सगळीकडं तोच.

याच्या जोडीला सीवायपी-२ई-१ दारू मोडताना फ्री रॅडिकल्स सोडतं, ते पेशीच्या चरबीला आणि डीएनएला आणखी ओरखडे काढतात. आणि दारू फोलेट नीट शोषू देत नाही. फोलेट म्हणजे मेथी, पालक, हरभऱ्याच्या पाल्यात असतं ते व्हिटॅमिन, डीएनए दुरुस्त करायला आणि कुठले जीन चालू कुठले बंद हे ठरवायला लागणारा कच्चा माल. आता लगेच "मग मी मेथी जास्त खाते आणि वाइन चालू ठेवते" असं मनात आणू नकोस, भाजी खा, चांगलीच आहे, पण तिनं ॲसिटाल्डिहाइड धुऊन निघत नाही.

दुसरा रस्ता हार्मोनचा, आणि ताईचा ट्यूमर हार्मोन पॉझिटिव्ह आहे म्हणून हा तुम्हाला जास्त जवळचा. दारू घेतली की रक्तातलं इस्ट्रोजेन वाढतं. हे अंदाजानं नाही, करून बघितलंय, १९९३ साली अमेरिकेत पाळी चालू असलेल्या निरोगी बायकांना तीन पाळ्यांपर्यंत रोज ३० ग्रॅम अल्कोहोल देऊन मोजलं तेव्हा अंडं सुटायच्या आसपासच्या दिवसांत इस्ट्रोजेन चढलेलं दिसलं. पुढं २००१ मध्ये पाळी गेलेल्या बायकांवरही तसा प्रयोग झाला, तिथं तर रोजच्या १५ ग्रॅमवरच वाढ दिसली. इस्ट्रोजेन स्तनाच्या पेशीत शिरतं, आपल्या रिसेप्टरला धरतं, आणि केंद्रकात जाऊन सांगतं, वाढा, दोनाच्या चार व्हा. पेशी जितक्या वेळा दुणावते तितक्या वेळा डीएनएची प्रत काढावी लागते, आणि प्रत काढतानाच तर ते चिकटलेले पेड तुटतात. म्हणजे एका बाजूनं दारू डीएनए बिघडवते आणि दुसऱ्या बाजूनं त्याच बिघडलेल्या पेशीला भराभर वाढायला लावते. दोन्ही एकाच वेळी, मला यातली हीच गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते. लॅबमध्ये वाढवलेल्या हार्मोन पॉझिटिव्ह कॅन्सर पेशींवर दारू टाकली तर त्या जास्त वाढतात आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर जास्त जोरानं काम करतो असंही दिसलंय, आणि प्रत्यक्ष बायकांच्या अभ्यासातही दारूचा संबंध हार्मोन पॉझिटिव्ह गाठींशी जास्त ठळक निघतो.

अजून एक, हे तुझ्यापेक्षा धाकट्या वाचकांसाठी. पहिल्या बाळंतपणात स्तनाच्या पेशी पुऱ्या पक्क्या होतात, त्याआधी त्या कच्च्या असतात आणि वेगानं वाढत असतात. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या बाळंतपणापर्यंतच्या काळातली दारू जास्त नडते असं अभ्यासातून दिसतं. कॉलेजच्या, पहिल्या नोकरीच्या वयातली "आत्ता मजा करू, पुढं बंद करू" ही समजूत म्हणून उलटी आहे.

आता किती. तू पत्रात "कधीतरी" लिहिलंस आणि खाली सहज लिहून गेलीस की शनिवारी दोन ग्लास वाइन आणि रविवारी जेवणाआधी नवऱ्याबरोबर बिअर. मोजू या. बाटलीवर टक्का लिहिलेला असतो, मिलीला टक्क्यानं गुणायचं, शंभरानं भागायचं आणि मग ०.८ नं गुणायचं, ग्रॅम मिळतात. १५० मिलीचा ग्लास, १३ टक्के वाइन, झाले १५ ग्रॅमच्या वर, दोन ग्लासचे ३१. पाच टक्क्यांची ६५० मिलीची मोठी बिअर, २६ ग्रॅम, स्ट्राँग असेल तर ४० पर्यंत. ३० मिलीचा व्हिस्कीचा पेग १० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रविवारची बिअर तू एकटीनं संपवलीस तर आठवड्याचे ५७, दिवसाला सरासरी आठ, आणि निम्मी घेतलीस तर सहा. आणि घरी ओतलेला ग्लास १५० मिलीचा असतो का, एकदा मेजरिंग कपनं ओतून बघ.

अमेरिकेत नर्सेसचा एक मोठा अभ्यास आहे, लाखाच्या वर बायका, १९८० पासून २००८ पर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं, २०११ मध्ये निकाल छापून आला. त्यात दिवसाला सरासरी ५ ते १० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला तीन ते सहा ड्रिंक (एक ड्रिंक म्हणजे साधारण एक ग्लास वाइन) घेणाऱ्या बायकांना न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त धोका निघाला. तू बरोबर याच खान्यात बसतेस. घाबरू नकोस, पंधरा टक्के म्हणजे शंभरातल्या पंधरा नव्हे. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरांनी, जानेवारी २०२५ मध्ये जो इशारा दिला त्यातले आकडे जास्त समजायला सोपे आहेत: आठवड्याला एकापेक्षा कमी ड्रिंक घेणाऱ्या १०० बायकांपैकी आयुष्यभरात साधारण ११ जणींना ब्रेस्ट कॅन्सर होतो, रोज एक घेणाऱ्यांत १३, रोज दोन घेणाऱ्यांत १५. हे अमेरिकेतलं आहे, आपल्याकडं मूळ धोकाच कमी, पण वाढायची दिशा तीच. म्हणजे शंभरातल्या बहुतेक जणींना काहीही होत नाही आणि तरी दोन जणींना जे झालं नसतं ते होतं. हे दोन्ही एकदम खरं आहे, आणि यातलं एकच धरून बसलं की माणूस एकतर गाफील राहतो नाहीतर उगाच स्वतःला छळतो.

हार्टचं म्हणशील तर, जुन्या अभ्यासांत थोडी घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसायचे, पण त्या न घेणाऱ्यांत आजारपणामुळं सोडलेले लोकही मोजलेले असायचे, ते आधीच आजारी, मग तुलना वाकडीच होणार. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की आरोग्याच्या दृष्टीनं दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. नवऱ्याला हा परिच्छेद वाचायला दे, भांडू नकोस, तो वाईट हेतूनं बोलत नाहीये, त्यालाही बहुतेक तुझ्याबद्दल भीती वाटतीय आणि म्हणून तो काही नाही काही नाही करतोय.

आता सांगू का नको. तू "सांगू का" विचारतेस, मी विचारते कशासाठी सांगणार? तुझ्या मनावरचं ओझं उतरवायला असेल तर नको, केमोच्या मधे नको, ते ओझं माझ्याकडं उतरवलंस तेवढं पुरे. तिच्या उपयोगाला असेल तर गोष्ट वेगळी. आणि दुसरं, तुला असं का वाटतं की तिला माहीत नाही? आयटीतली पोरगी, हातात चोवीस तास फोन, रात्री केमोनंतर झोप नाही, तिनं हे तुझ्या आधी वाचलं असणार आणि ती एकटीच ते घेऊन बसली असणार. म्हणून सांगायला जाऊ नकोस, विचारायला जा. "ताई, तुझ्या मनात येतं का गं, का झालं असेल?" एवढंच विचार आणि गप्प बस. ती दुसरंच काही बोलली तर ते ऐक, वाइनचा विषय काढूच नकोस. ती म्हणाली, "वाइनमुळं झालं ना?" तर खोटंही बोलू नकोस. "त्यानं धोका थोडा वाढतो हे खरं आहे, पण तुझं कशानं झालं हे डॉक्टरसुद्धा सांगू शकत नाहीत. आणि मी पण तुझ्याबरोबर घेतच होते की, मी आता सोडायचं म्हणते, पुढचं आपण दोघी मिळून बघू." असं काहीतरी, तुझ्या शब्दांत.

डॉक्टरांना मात्र कळलंच पाहिजे, पण तुझ्याकडून नाही, तिच्याकडून. केमोची बरीच औषधं लिव्हर हाताळतं, पुढं हार्मोनच्या गोळ्या पाच-पाच, दहा-दहा वर्षं चालतात, केमोत तोंड आलेलं असताना दारू आणखी जाळते, हे सगळं डॉक्टर तेव्हाच नीट सांगू शकतात जेव्हा त्यांना खरं माहीत असतं. अडचण कुठं येते ते मी बघितलंय. ओळखीच्या बायकांबरोबर ओपीडीत जाऊन बसते मी बऱ्याचदा. नर्स केसपेपर भरताना मोठ्यांदा विचारते, "मिश्री? तंबाखू? दारू?" शेजारी सासू, मागं दीर, बाकावर आणखी चार माणसं. मिश्रीला बाई लगेच हो म्हणते, दारूला मान नुसती आडवी हलते, नर्स रेघ मारते आणि पुढं जाते. मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखू, पण ती सासूच लावते म्हणून चालते. पुरुषानं घेतली तर "बसले होते", बाईनं घेतली तर घराणं काढतात, आणि त्या लाजेपायी केसपेपरवर खोटं जातं. मला याचा फार राग येतो. तेव्हा पुढच्या व्हिजिटला तू एवढं कर, आईला चहाला म्हणून कँटीनमध्ये घेऊन जा आणि ताईला डॉक्टरांबरोबर पाच मिनिटं एकटं सोड. बाकी ती बघेल, मोठी आहे.

आईला वाइनचं सांगायची काही गरज नाही. तू कॅन्सरचं कारण लपवत नाहीयेस, कारण ते कारण आहे असं कुणालाच म्हणता येत नाही, तू फक्त बहिणीची खासगी गोष्ट खासगी ठेवतीयस. आई "काय वाईट केलं होतं" म्हणाली की "काही वाईट केलं नाही आई, घरात मावशीआजीलाही होतं ना" एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे.

आता तुझं. माझं मत विचारशील तर बंद कर. सख्ख्या बहिणीला झालं की आपला धोका साधारण दुपटीच्या घरात जातो, आणि आधीच मोठ्या झालेल्या धोक्यावर ते पंधरा टक्के चढवायचे कशाला? वय बदलत नाही, जीन बदलत नाहीत, बहीण बदलत नाही, ग्लास बदलता येतो. सोडल्यानं किती फायदा होतो याचा पुरावा तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये पक्का आहे, स्तनाच्या बाबतीत अजून मर्यादित आहे, हे मी तुला लपवणार नाही, पण पेशीत ॲसिटाल्डिहाइड तयार होणं तर प्यायची थांबली की थांबतंच. पूर्ण जमत नसेल तर कमी कर, निम्मी केलीस तरी काहीतरी केलंसच, कारण इथं अमुक रेषेच्या खाली शून्य धोका अशी रेषा नाही. तुला सोडणं तितकं अवघड जाऊ नये. पण हे वाचणाऱ्यांत कुणी रोज आणि भरपूर घेणारी असेल तर तिनं एकदम झटक्यात बंद करू नये, हात थरथरणं, फिट येणं असं होऊ शकतं, आधी डॉक्टरांना भेटावं, नाहीतर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करावा.

ग्रुपमध्ये कसं सांगायचं विचारलंयस. पन्हाळ्याला कुणाच्या फार्महाऊसवर थर्टी फर्स्ट, तांबडा-पांढरा, आणि "घे की गं, एकच", मला चांगलं ठाऊक आहे. कारणं देत बसू नकोस, कारण दिलं की त्यावर वाद होतो. "मी सोडलीय" म्हण आणि हातात सोडा-लिंबू धर, रिकामा हात दिसला की लोक भरायला येतात. एका मैत्रिणीला आधीच सांगून ठेव म्हणजे ती तुझी बाजू सांभाळेल. परत येताना गाडी मी चालवणार म्हण, नवऱ्यालाही बरंच. आणि घरच्या फ्रिजमध्ये बाटली ठेवू नका, शनिवारी संध्याकाळी ती दिसली की हात जातोच. त्या वेळेला दोघं रंकाळ्याला चक्कर मारा, नियमित चालण्यानं हा धोका थोडा कमी होतो हेही अभ्यासातून दिसलेलं आहे.

यापेक्षाही महत्त्वाचं एक काम आहे आणि त्याबद्दल तू पत्रात अक्षर लिहिलेलं नाहीस. तुझी स्वतःची तपासणी. सख्ख्या बहिणीला ज्या वयात निघालं त्याच्या दहा वर्षं आधीपासून, पण तिशीच्या आत नाही, असा साधारण नियम डॉक्टर धरतात. ताई ३९, तू ३४, म्हणजे तुझी वेळ कधीच सुरू झालीय. या वयात स्तन दाट असतात म्हणून नुसती मॅमोग्राफी पुरत नाही, सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल का ते डॉक्टर ठरवतील. जीन टेस्ट आधी ताईची होते, तिच्यात काही सापडलं तरच तुझी नेमकी करता येते, म्हणून तिच्या डॉक्टरांना जेनेटिक कौन्सेलिंगबद्दल विचारायला सांग, त्यावर तिचे पुढचे उपचारही अवलंबून असू शकतात. बाकीच्या वाचकांनी, घरात कुणाला नसलं तरी, तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात हातानं होणारी स्तनाची तपासणी करून घ्यावी. साधी दिसते म्हणून तिला कमी समजू नका, मुंबईत टाटा मेमोरियलनं दीड लाख बायकांवर वीस वर्षं हे करून बघितलं, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. न दुखणारी गाठ, कातडीला खळी, आत ओढलेलं बोंड, बोंडातून रक्त, काखेत गाठ, यातलं काही दिसलं तर पुढच्या पाळीची वाट बघत बसू नका.

जाताना ताईच्या बायोप्सीच्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन जा, मावशीआजीला कितव्या वर्षी झालं होतं ते आईला विचारून लिहून घे, आणि घरात कुणाला ओव्हरीचा कॅन्सर होता का तेही विचार, डॉक्टर विचारणारच. आणि आईलाही सोबत ने. तिची मुलगी आजारी आहे या गडबडीत तिची स्वतःची मॅमोग्राफी झालीय का हे तुमच्यापैकी कुणी विचारलं नसणार.